अभिप्रायाचा रकाना

मे महिना. सिव्हिल लाइन्स. कलेक्टर कचेरीच्या
दुसऱ्या मजल्यावर कूलरला पाणी कमी, आवाज जास्त.
फायलीवर दगड ठेवतो, दगडावर हात,
आणि नाव पुकारतो:
पोपटी हासानंद खेमाणी.
राहणार जरीपटका. मूळ गाव घोटकी, सिंध.

ती येते. पदराला पापडाच्या मिऱ्यांचा वास.
खुर्ची पुढे सरकवली तरी अर्धीवरच बसते,
उरलेली अर्धी अजून मंजूर व्हायची असल्यासारखी.

प्रश्न छापील आहेत. मी हिंदीत विचारतो,
ती आमच्याच बोलीत उत्तर देते:
"सव्वीस वर्सं झाले जी. अटारीहून आलो.
पोरगं कडेवर होतं,
आता त्याले टक्कल पडून राह्यलं."

जन्मतारीख?
"ते नाई म्हाईत. सिंधू गावात घुसली होती,
आई माळ्यावर, खाली म्हैस पोहून राह्यली होती.
तवाची मी."
पासपोर्टावर एक जानेवारी आहे.
मी काही बोलत नाही.
माझीही एक जुलै आहे,
काटोलच्या शाळेत उमक मास्तरांनी
पहिलीचा सगळा वर्ग रांगेत उभा करून
वाटून टाकलेली.
पण मला कुणी त्या खुर्चीत बसवलं नाही.

परत गेला होतात कधी?
"एक डाव. बहिणीच्या पोरीचं लगन. चौदा दिवसाचा शिक्का."
मग फायलीत नसलेलं:
"तिले मी बोलता बोलता म्हनलं, काऊन?
तं ते हासाले लागली. म्हने,
काऊन म्हंजे काय गं?"

पोलीस चौकशी झाली?
"दर साली. बांतेसायेब येत. चाय घेत,
शेजारनीले विचारत, हे बाई कशी आहे.
एका साली आलेच नाईत.
तं मीच ठाण्यात गेली विचाराले.
रिटायर झाल्ते."

आता भाषेची चाचणी.
वाचायला देण्याजोगं टेबलावर काही नाही,
मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट करतो.
तिचंही बोट हवेत उठतं,
ओळीच्या उजव्या टोकाला जातं,
थांबतं,
मग रिकामंच
सगळी ओळ ओलांडून
डावीकडे येतं, आणि तिथून सुरू होतं:
ये-थे थुं-कू न-ये.
दारात शिपाई लिल्हारे फिसकन हसतो. ती पण.
मी लिहितो: वाचता येते.

शेवटचा प्रश्न. नागरिकत्व कशासाठी हवं?
इथे लोक पाठ करून आलेलं बोलतात.
ती कूलरकडे बघत राहते,
वाळ्याच्या ताटीतून एक थेंब पडतो, दुसरा पडत नाही.
"घरात साऱ्यायचे नावं रेशनकार्डावर हायेत.
सून खामल्याची. नात तं डागा हॉस्पिटलातली.
मीच एकटी पाव्हनी आहो, सायेब,
अन् सैपाक मीच करतो."

अभिप्रायाचा रकाना दोन बोटं रुंद.
म्हशीचं, बांतेसाहेबांचं, त्या हवेतल्या बोटाचं
काहीच मावत नाही त्यात.
मी लिहितो: समाधानकारक.
हाच शब्द मी धरणातल्या पाणीसाठ्यालाही लिहितो,
गेल्या महिन्यात तहसीलच्या संडासालाही लिहिला.

सही करताना ती जीभ दातांत धरते.
उठते, पदर सावरते, दारापर्यंत जाऊन वळते.
"कागद आला का मंग, ठाण्यातले नवे सायेब
यायचे नाईत ना घरी?"
नाही. बहुतेक नाही.
"असं का," म्हणते.
बरं वाटलं की वाईट, ते तिच्या चेहऱ्यावर
कुठल्या बाजूनं वाचायचं, मला कळत नाही.

दगड उचलतो.
पुढचं पान कूलरच उलटतो.