पाठकोरा

कापूस उत्पादकांना अर्थसहाय्य, यादी क्रमांक चार.
सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खळीने चिकटवली,
दुपारपर्यंत शेळीने तिचा खालचा कोपरा खाल्ला.
म्हणून हिलाल दगा पाटील मला येऊन विचारतात,
‘ताई, मी यादीमा शे, का बकरीना पोटमा?’

यादीत आहेत. पण सामायिक.
गट नंबर एकशे बारा, त्र्याऐंशी आर, खातेदार पाच:
हिलाल, सुकलाल, केवळबाई, रमणबाई, मथाबाई.
पैसे एकाच खात्यावर जातील.
बाकी चौघांनी लिहून द्यायचं, आमची हरकत नाही.

सुकलाल शेजारच्याच ओट्यावर. सही झाली.
रमणबाई पारोळ्याला. अंगठा झाला.
मथाबाई नाशकात लेकाकडे, पुरण वाटत होत्या,
त्यांच्या सहीवर हळदीचं एक बोट आलंय.
चालतं. हळदीबद्दल शासन निर्णयात काही नाही.

राहिल्या केवळबाई. उधना, सुरत.
अकरा वर्षांमागे हिलालभाऊंनी
हक्कसोडचा कागद पुढे सरकवला होता;
त्या पेन हातात घेऊन उठून गेल्या.
ते पेन अजून त्यांच्याकडेच आहे, असं गाव सांगतं.

फोन मीच लावला. मी कृषी सहायक,
अहिराणी मला कळते, बोलता येत नाही.
‘अनुदान आलंय,’ म्हटलं.
‘कसानं?’
‘कपाशीचं.’
‘कोनतं वावर?’
‘एकशे बारा.’
मग बराच वेळ पलीकडे फक्त यंत्रमाग.

रविवारी त्या आल्या. धरणगावपर्यंत रेल्वेने,
पुढे काळीपिवळीत पाय दुमडून.
घरी गेल्याच नाहीत.
वेचणी चालू होती. ओटीला फडकं बांधलं,
दोन ओळी वेचल्या, कवडी वेगळी काढत,
कुणी न सांगता.
हिलालभाऊ बांधावर, हातात माझा अर्ज,
वाऱ्याने फडफडतो म्हणून छातीशी दाबलेला.
दोघांत एक शब्द नाही.
मग त्यांनीच डोक्यावरचा रुमाल काढून
बहिणीला दिला. ऊन होतं.

‘मना वाटा कितला?’ त्यांनी मला विचारलं.
मोबाइलवर भाग दिला. आठशे तीस.
‘मंग आठशे तीस मना खातावर टाक.’
‘रकाना एकच आहे, मावशी.’
त्यांनी ‘हरकत नाही’वर बोट ठेवलं,
नखात कापसाचा तंतू.
‘आनि हरकत ऱ्हायनी तर? तो रकाना?’
तोही नव्हता.

त्यांनी कागद उलटा केला. पाठकोरा.
पिशवीतून पेन काढलं, तेच की दुसरं, मला माहीत नाही,
आणि मांडीवर ठेवून लिहिलं:
सही दिधी. नाव सोडं नही.
मग कागद सुलटा करून सही केली.

पोर्टल एकच पान घेतं, दोनशे केबीच्या आत.
मागची बाजू कुणी मागत नाही.
तरी मी तिचा फोटो काढला;
माझ्या फोनमध्ये गुलाबी बोंडअळीच्या फोटोंमध्ये
तो अजून आहे.

पैसे पौषात आले.
हिलालभाऊ सेवा केंद्रात बाकावर बसून राहिले,
तीन गिऱ्हाइकं पुढे जाऊ दिली.
‘आठशे तीस उधन्याले धाडाना शेतस.’
पोरगा म्हणाला, ‘वर दहा लागतील.’
‘ते मनाकडथून.’
बाहेर जाऊन थुंकून आले, परत खिडकीशी वाकले,
‘पन पावती दे, भो.
तिना काही भरोसा नही.’