खिसे

छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
छत्तीस वर्षं संध्याकाळी गेटवर
हात वर, आणि कुणीतरी चाचपतंय खिसे.
पँटचे दोन, सदऱ्याचा एक.
एकदाही काही निघालं नाही
तंबाखूची पुडी सोडून.

म्हणून जेलरोडच्या दवाखान्यात
डॉक्टर गायधनी जेव्हा म्हणाल्या,
"पगारेकाका, हिरड्यांना खिसे झालेत,"
तेव्हा खुर्चीत पडल्या पडल्या
माझे हात आपोआप वर गेले.
त्यांची मदतनीस रुकय्या हसली. मग मीही हसलो,
आणि रुमालाला रक्त लागलं.

मग झडती.
बारीक सळई, टोकाशी काळ्या खुणा,
एकेका दाताशी थांबत.
"तीन, दोन, तीन."
"पाच, चार, सहा."
रुकय्या लिहून घेत होती.
सूर ओळखीचा होता.
आमच्याकडेही असेच आकडे पुकारायचे
बंडलामागून बंडल,
आणि एक चुकला तर कुणी घरी जायचं नाही.

कमलनं दाताच्या कण्या केल्या होत्या, सोडा ती पुडी.
साखर दोनशे चाळीस निघाली, तेव्हाही तेच.
मी ऐकलं नाही. आता कण्या
माझ्याच दातांच्या व्हायची वेळ.
पेरू खायचा तर सुरीनं, पातळ चकत्या करून.
मिसळीचा पाव रश्शात बुडवून
तो लगदा होईपर्यंत थांबायचं.
वरचा एक दात जिभेनं ढकलला की हलायचा,
रात्री मी तो हलवत पडून राहायचो
कुणाचं तरी मूल जोजवावं तसा.

आधी साफसफाई. दोन बैठका.
किटण निघालं, कढईची खरवड निघावी तसं.
पिवळ्या-काळ्या ढलप्यांकडे
मी जरा जास्तच वेळ पाहिलं.
माझंच होतं सगळं.
गेटवर कधी सापडलं नव्हतं.

"आता लेसर," डॉक्टर म्हणाल्या, "पण ऐका,
ही नुसती जोड आहे.
मोठं काम झालं, तेवढंच मोठं उरलंय,
ते तुमच्या हातात. सकाळी आणि रात्री."
तिघांनी चष्मे चढवले.
केसाएवढी तार खिशात उतरली.
रुकय्याच्या काचेत एक लाल ठिपका हलताना दिसला.
"तो फक्त वाट दाखवतो," डॉक्टर म्हणाल्या,
"काम करतो तो उजेड डोळ्यांना दिसत नाही."

हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
उजेडाकडे धरल्याशिवाय न दिसणारी खूण
मी जन्मभर शोधली आहे,
गड्डीच्या गड्डी, एका डोळ्यानं.
आज कागद मी होतो, इतकंच.

किंचित जळका वास. ऊब.
चटका बसेल म्हणून आवळलेल्या मुठी
उगाच आवळलेल्या राहिल्या.

तीन महिन्यांनी पुन्हा पुकारा.
"तीन, तीन, चार." सहाचे चार झालेले,
पाचाचे तीन.
उजवीकडची खालची दाढ मात्र सहाला सहा, अडून बसलेली.
मी विचारलं, हे लेसरनं झालं का?
डॉक्टर हात धूत होत्या.
"लेसरचं किती, ब्रशचं किती, सुटलेल्या तंबाखूचं किती,
असं निवडून नाही सांगता येणार, काका.
आणि गेलेलं हाड परत येईल असं धरून चालू नका."
बिलात मात्र सगळं निवडून लिहिलं होतं,
लेसर वेगळ्या ओळीत.

घरी कमल धुणं भिजवत होती.
तिनं माझा सदरा ओढून घेतला,
खिसा उलटा केला, झटकला.
रिक्षावाल्यानं दिलेली फाटकी दहाची नोट,
दातांच्या फटीत घालायचा तो इवलासा ब्रश,
आणि शिवणीत अडकलेली थोडी जुनी भुकटी.
तिनं ती नखानं उकरली,
वास घेतला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि बोट बादलीत बुडवलं.