हात पोचत नाही तिथे

हिवाळ्याच्या खोकल्याला उन्हाळ्यातच गाठायचं,
वैद्य यान म्हणतात,
चोर झोपलेला असतो तेव्हा.

म्हणून जुलैच्या मध्यावर,
चिनारांवरचे किडे करवतीसारखे ओरडत असताना,
नानजिंगचा रस्ता चपलेतून भाजत असताना,
आम्ही दीडशे म्हातारे दवाखान्याबाहेर रांगेत,
हातात प्लास्टिकची स्टुलं,
प्रत्येकाच्या छातीत एकेक जानेवारी.

माझा जानेवारी सूतगिरणीतला आहे.
सव्वीस वर्षं कापसाची धूळ आत घेतली,
आता थंडी पडली की ती आतल्या आत कातली जाते
रात्री दोन ते पाच, एकही पाळी न चुकवता.

पहिली पट्टी तिथल्या पोराने लावली.
पांढरी मोहरी, आल्याचा रस, आणखी काहीतरी
जे तो सांगेना.
मणक्याच्या दोन्ही अंगांना, खांद्याच्या पात्यांमध्ये.
‘आजी, झोंबेल,’ म्हणाला.
झोंबली. चार तास पाठीवर
रागावलेली मांजर घेऊन हिंडले.

दहा दिवसांनी दुसरी.
गुडघा सुजला होता म्हणून पट्टी घरी मागवली,
आणि लावायला घेतली तेव्हा कळलं
की माझ्या देहात तळहाताएवढी एक जागा आहे
जिथे मला स्वतःला जाता येत नाही.
वरून हात टाकला, खालून टाकला,
कपाटाच्या आरशापुढे लाटण्याच्या टोकानेही पाहिलं.
पट्टी दंडाला चिकटली.
लाओ ची असता तर...
असता, तर आधी सिगारेट संपवून आला असता.
मुलगा शेन्झेनहून व्हिडिओवर म्हणाला,
‘आई, थोडं डावीकडे.’

वर, चौथ्या मजल्यावर, मियाओ सूचिन राहते.
अकरा वर्षं आमची बोलाचाल नव्हती.
तिच्या एसीचं पाणी
माझ्या वाळत घातलेल्या संत्र्याच्या सालींवर पडलं;
तीन वर्षं मुरवायची साल तीन दिवसांत बुरसली.
मी जिन्यात काय बोलले ते सांगत नाही.
तीही काही कमी नव्हती.
तेव्हा दोघींनी पाठ फिरवली ती फिरवलीच.

मी दार वाजवलं.
तिने उघडलं. माझ्या हातातली पट्टी पाहिली.
काही न बोलता आत गेली आणि परत आली,
तिच्याही हातात तेच पाकीट, कोपरा फाटलेला,
एक पट्टी चुरगळून वाया गेलेली.

मी तिच्याकडे पाठ केली,
या वेळी तिला दिसावी म्हणून.
तिची बोटं गार होती, एसीतली.
मणके मोजत उतरली, एक, दोन, तीन,
थांबली. ‘इथे?’
‘जरा खाली.’

मग तिची पाठ.
गोरी, मऊ, उजव्या पात्याखाली एक जुना व्रण
ज्याबद्दल मी विचारलं नाही.
तिच्या खाटेच्या दोन कडांवर
आम्ही चार तास झोंबत बसलो.
तिने मुगाचं गार पाणी दिलं.
साखर कमी होती. मी तसं म्हणाले.

तिसऱ्या पट्टीला तीच खाली आली.

एसीचं पाणी अजून पडतं.
सालींचं सूप मी खिडकीच्या दुसऱ्या टोकाला सरकवलंय.

आणि हिवाळा? आला की.
खोकलाही आला. कमी होता
की मीच कमी मोजला, सांगता येत नाही.
पूर्वी रात्री अडीचला मी खोकले
की वरून फरशीवर झाडूचा दांडा आपटायचा: गप्प.
आताही आपटतो.
दोनदा, हळू.
आणि सकाळी खिडकीपाशी दोरीला बांधून
खडीसाखरेत शिजवलेल्या नासपतीची वाटी उतरते,
वाफ निघत असते, वर फडकं बांधलेलं.

साखर फार असते आता.
अजून सांगितलं नाही.