दोन फिती

प्रॉबर्टसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट मी एकटीच,
त्यामुळे दोन्ही पत्रं माझ्याच बोटांखालून जायची.
विकणाऱ्यांच्या वकिलाकडून घेणाऱ्यांच्या वकिलाला:
महोदय, आपलं बारा तारखेचं पत्र पावलं.
मग कागद बदलायचा
आणि महोदयांकडून महोदयांना उत्तर.
दोन्हींखाली सही मेउरिग प्रॉबर्ट,
फक्त एकीतलं शेवटचं अक्षर
जरा आखडतं घेतलेलं.

पोस्टाचं तिकीट लागायचं नाही.
हिरव्या फितीच्या फायलीतून उचलायचं,
गुलाबी फितीच्या फायलीत लावायचं.
मधल्या प्रवासात एक बिस्किटांचा डबा.

तायवी नदीकाठच्या आमच्या गावात वकील एक,
दात काढणारा एक, माणसं पुरणारा एक.
दुसरा वकील हवा तर कारमार्थनची बस,
आणि संध्याकाळी परत मिळेलच असं नाही.
दोन्ही पक्षांची लेखी संमती होती.
तीही मीच टाइप केली होती.

हिरवी फीत म्हणजे ऑल्वेन बेनन.
तिच्या बापाचं मृत्युपत्र साहेबांचं,
नवऱ्याचंही साहेबांचंच.
हातमोजे न काढताच ती बोलली:
तळघरात पाणी येतं.
दर फेब्रुवारीत नाही.
पण आलं की चौथ्या पायरीपर्यंत.
हे लिहू नका.
मी लिहून बसले होते.
शॉर्टहँडमध्ये पाणी म्हणजे
एक एवढीशी वाकडी रेघ.

गुलाबी फीत हेफिन आणि लाउरी.
तो शाळेची बस चालवतो,
ती जुन्या हार्पना नव्या तारा चढवते.
म्हणूनच हे घर, ती म्हणाली, तळघरासाठी.
हार्पला ऊन सोसत नाही,
गारवा हवा, एकसारखा, शांत.
हे बोलताना तिचे हात
नसलेल्या तारांवरून फिरत होते.

तिच्या फायलीतला चौदावा प्रश्न:
घरात पाण्याचा काही त्रास?
दोन दिवस मशीनमध्ये तो कागद तसाच.
साहेब खिडकीशी जायचे, परत यायचे,
चष्मा पुसायचे,
पुसलेलाच.
ह्या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात,
पण हात दोन असले तरी
खांदे एकाच माणसाचे.
हो लिहावं तर बेननबाईंचा विश्वासघात,
नाही लिहावं तर लाउरीचा,
आणि मूग गिळावेत
तर मूगही आपणच पेरलेले, फीपायी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, घ्या.
यापुढे मी आपलं काम पाहू शकत नाही.
कारण सांगण्याची मला मुभा नाही.
आपण दुसरा वकील पाहावा.
फी शून्य.
मी विचारलं, एवढंच?
एवढंच, मिस रोझर.
मग म्हणाले, हे मी पहिल्याच दिवशी
सांगायला हवं होतं.
ते वाक्य मी टाइप केलं नाही.

हेफिन आला तो लालबुंद.
सहा आठवडे गेले, कर्जाची मुदत गेली,
आणि तुमचा साहेब मागच्या दाराने गेला!
तो खरंच मागच्या दाराने गेला होता.
लाउरी ओरडली नाही.
तिने फक्त विचारलं, आमचं काही चुकलं का?
मी बिस्किटांच्या डब्याकडे बघितलं.
त्यावर एक कुत्रा होता, टोपी घातलेला.
कागद तिच्या हाती देताना
तोंडातून निघालं ते असं:
बाहेर पाणी साचलंय, लाउरी,
पायऱ्या जपून उतरा.

ती दुसऱ्या पायरीवर थांबली.
वळली नाही. थांबली, इतकंच.

कारमार्थनच्या वकिलाने चौदावा प्रश्न
पुन्हा विचारला, रजिस्टर पोस्टाने.
काय उत्तर गेलं ते मला माहीत आहे
आणि अर्थातच सांगता येत नाही.
ह्यातली नावं मी बदलली आहेत.
नदी तीच आहे.

घर त्यांनी घेतलं.
हेफिन अजून साहेबांना ओळख देत नाही,
चर्चमध्ये सुद्धा, शेजारच्या बाकावरून.
मी ब्रेड आणायला त्या रस्त्याने जाते.
वरच्या मजल्यावर, पुढच्या खिडकीत,
चार हार्प उभे असतात,
उन्हाकडे पाठ करून,
चादरी पांघरून.