कुठलं पाणी

नाट्याच्या उतारावर पेडल पायाखालून गेलं,
ओल्या पुळणीत टाच रुतावी तसं,
आवाज न करता.
दुसऱ्यांदा दाबलं, निम्मं परत आलं.
गिअर दोनवर ओढला, हँडब्रेक खेचला,
आणि पंचवीस क्रेट बांगड्यासकट
जांभ्याच्या गडग्याला घासत थांबले.
पपल्या म्हणाला, "आरसा गेला."
आरशाचं काय घेऊन बसलास.

रऊफ सोलकरने आधी बॉनेट उघडलं.
डबीत तेल तळाशी, उकळून उरलेल्या चहासारखं.
"शेवटचं कधी बदललंत?"
मी बंदराकडे बघितलं.

पोतं टाकून तो गाडीखाली शिरला
आणि तिथूनच हसला.
"सुगंधाताई, इथे सगळंच गळतंय!"
खरं होतं. हौद्याच्या भोकातून रात्रभर
बर्फाचं पाणी ठिबकतं,
मिठाचं, खवल्यांचं, रक्ताचं,
एक्सलवर, पाट्यांवर, चाकांच्या आतून.
ओल्या गाडीत ओल शोधायची कुठे?

तो एकेक थेंब बोटावर घेई,
नाकाशी नेई, दोन बोटांत चोळी.
हे मासळीचं. हेही मासळीचं.
हे गिअरचं, जाड.
"ब्रेकचं तेल बोटावर सरकतं, आणि रंग खातं."
लिलावात मी कल्ला उचलून बघते
तसंच बघत होता तो.

बांगडा कधीच सईदच्या टेम्पोतून गेला,
दीडपट भाड्याने.
पपल्याने गाडी खालून धुतली, पुसली,
उन्हात वाळवली.
रऊफने घरातून लेकीच्या पावडरचा डबा आणला,
गुलाबाच्या वासाचा,
आणि मागच्या नळीच्या अख्ख्या लांबीवर
भुरभुरला.
"बसा वर. दाबा. हळू."
पांढऱ्यावर एक करडा ठिपका उमटला म्हणे.
मग ठिपक्याला शेपूट.

क्लिपच्या आत. बरोबर भोकाखाली,
जिथे आमचं पाणी सात वर्षं पडत होतं.
नळी हलू नये म्हणून लावलेली क्लिप,
तिनेच मीठ धरून ठेवलं.
नखाने टोकरलं तर पोपडा निघाला,
वाळल्या कुर्लीच्या कवचाचा निघतो तसा.

नवी नळी जुनीवर धरून गुडघ्यावर वाकवली.
टोक फुलवलं. सुरेख फुललं.
मग दिसलं, नट आधी घालायचा राहिला.
चाळीस वर्षं हेच काम करणारा माणूस
हातात नट घेऊन उभा.
"हे कोणाला सांगू नका."
सांगितलं नाही. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.

हवा काढायला तो खाली, मी वर.
दिसत काही नाही, नुसता आवाज.
दाब. दाब. दाब. धर.
धरलंय.
पेडल बुडत बुडत तळाला जातं,
तरी पाय उचलायचा नाही.
उचललात की हवा परत आत
आणि सगळं पहिल्यापासून.
सोड.
लांबचं चाक आधी, मग जवळचं.
दाब. दाब. धर.
पोटरीत गोळा आला.
दुसऱ्याच्या शब्दावर एवढा वेळ
मी काही धरून ठेवल्याचं
आठवत नाही.

शेवटी पेडल वरच अडलं, दगडासारखं.
बाटलीतलं थोडं तेल मडगार्डवर सांडलेलं,
पपल्याने पुसलं तर फडक्याला निळा रंग.

बंदराच्या उतारावर गाडी तीनदा थांबवली,
काही कारण नसताना.
जाळं सांधणारा म्हातारा म्हणाला,
"काय हरवलाय काय?"

भोकाला रबरी नळी जोडून
रऊफने पाणी चाकाबाहेर काढून दिलं.
आणि पुढची नळी?
"तीपण जाणार. आज नाही."

संध्याकाळी क्रेट चढले, बर्फ पडला.
निघण्याआधी मागे गेले, वाकले.
थेंब पडत होता, डांबरावर, मोकळा.
बोटावर घेतला. चोळला.
नाकाशी नेला.

मासळी.