जकात नाका

जुन्या बाजारात, रविवारी, ताडपत्रीवर,
इस्त्र्या आणि मिक्सरच्या भांड्यांच्या मधोमध
ती बसली होती. बाराशे रुपये, कीबोर्डचे वेगळे.
कुशीवर स्टिकर : क्यूसी-०४.
तांबोळी म्हणाला, भोसरीचा माल आहे, कंपनीच उठली.
कुठली, ते मी विचारलं नाही.
मीही भोसरीतूनच उठलेला.

जनता वसाहतीत, चढावरच्या अभ्यासिकेत
प्लग एकच. पंखा नाहीतर मशीन.
पंखा काढला.
जुनी डिस्क राहू दिली, शेजारी नवी जोडली,
बायोसला बजावलं, आधी नवीकडे जायचं,
आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं,
दोन जीबीत भागवणारं.
नऊला डेस्कटॉप उघडला. पोरांनी बाकं बडवली.
मशीन काढली, पंखा लावला, कुलूप घालून उतरलो.

दुसऱ्या दिवशी काळा पडदा.
नो सच डिव्हाइस,
मागोमाग अक्षरं मिसळलेला लांबलचक आकडा,
खाली ग्रब रेस्क्यू
आणि उघडझाप करणारी एक रेघ.

कस्तुरा लोंढेनं तो आकडा मोठ्यानं वाचला,
विजेचं मीटर वाचायला आल्यासारखा.
हे काय आहे, सर?
पत्ता आहे. एका पार्टिशनचा.
मग जाऊ दे ना हिला तिथे.
ते पुसलं गेलंय. कधीच.
मग हिला कुणी सांगितलं नाही?

आता हे कसं समजवायचं.
म्हटलं, मी उतरतो त्या स्टॉपचं नाव जकात नाका.
जकात बंद झाली, नाका पाडला,
तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे.
कंडक्टर अजून तेच ओरडतो.
पण तुम्ही उतरून घरी जाताच की, ती म्हणाली.
मी जातो.
हिची पहिली पायरी चारशे सेहेचाळीस बाइटची,
तेवढ्यात घर मावत नाही.
फक्त पुढचं दार कुठे, एवढंच.

एलएस. दोन डिस्क दिसल्या, दोन्ही मुक्या.
सेट प्रिफिक्स.
इन्समॉड नॉर्मल,
म्हणजे बाई, जरा नॉर्मल हो.
सिम्बॉल नॉट फाउंड, म्हणाली.
मग ग्रब पुन्हा बसवला, बायोस पुन्हा लावला. उघडली.
दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.
बुधवारीही. गुरुवारीही.
चूक सापडत नाही तेव्हा माणूस
बरोबर असलेली गोष्ट परत परत करतो.
क्यूसीत बावीस वर्षं
मी दुसऱ्यांना हेच लाल शाईनं लिहून देत होतो.

शुक्रवारी कस्तुरा म्हणाली,
सर, ही रोज एक जानेवारी दोन हजार आठ म्हणते.
काय?
कोपऱ्यात. तारीख. रोज तीच.
मी पडद्याच्या मधोमध बघत होतो
पाच दिवस.

झाकण उघडलं. धूळ, एक वाळलेलं झुरळ,
आणि रुपयाएवढा सेल, मेलेला.
प्लग निघाला, पंखा लागला, की ही सगळं विसरणार,
तारीख, माझं बजावणं,
आणि सवयीनं जुन्या डिस्ककडे जाणार.
तिथला ग्रब दुसऱ्याच कुणीतरी बसवलेला,
तो बिचारा
आपलं पुसलेलं घर शोधणार.

दांडेकर पुलापाशी घड्याळवाल्याकडे सेल मिळाला, चाळीस रुपये.
आठवडाभर शिव्या मी ग्रबला दिल्या होत्या.
वेळ कस्तुरानं लावली, तीन मिनिटं पुढे.
बरी असते, म्हणाली. कारण नाही सांगितलं.
धनाजी कुठूनसा एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आला,
आता पंखाही फिरतो, मशीनही चालते,
दोघांचा आवाज एकच.

जुनी डिस्क काढून पिशवीत टाकली.
पुसायची तर एक ओळ पुरे, आज्ञा पाठ आहे.
बसमध्ये ती मांडीवर, अजून कोमट.
कंडक्टर ओरडला, जकात नाका.
उठलो.