पान सत्याऐंशी

ताना सरोवरातल्या बेटावर
अबा तेकस्ते मला लगेच पोथी उघडू देत नाहीत,
आधी माझे हात हुंगतात.
साबणाचा वास आला तर म्हणतात, बस, वाळू दे.

मग कॅमेरा, मोजपट्टी, वही.
कातडं शेळीचं. शाई काजळीची. देवाचं नाव तेवढं लाल.
दोन शब्दांमध्ये दोन ठिपके, वाक्य सरलं की चार.
कोऱ्या समासात कुणीतरी खरडलंय:
"वोर्कनेशकडून मिठाच्या सात विटा घेतल्या. चार फेडल्या."
उरलेल्या तीन विटा
माझ्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात भरू?

पान सत्याऐंशी. मधोमध भोक,
हरभऱ्याएवढं.
जिवंतपणी गोचीड चावली असेल शेळीला;
कातडं ताणलं तशी जखमही ताणली गेली.
लेखनिकाने शब्द फोडला,
अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे.
मी लिहिलं: भोक एक. मजकूर शाबूत.

"वाचून दाखवा ना," मी म्हटलं.
अबांना आता दिसत नाही.
बोट ओळीवरून सरकत राहिलं, गइझ घशातून येत राहिली,
आणि भोकापाशी आवाज थांबला.
एक श्वास.
मग उरलेला शब्द.

"इथे का थांबलात?"
"इथे थांबतातच. माझे गुरू थांबायचे. त्यांचेही."

बाहेर लव्हाळ्याची होडी काठाला घासत होती.
मी वही उघडली, 'मजकूर शाबूत' खोडलं,
आणि बराच वेळ
पेन्सिल हातात धरून बसले.